लेपर्ड गेकोची अंडी उबवायची आहेत? आधी पेटी, मग जोडी

लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाल, पाळणाऱ्या बऱ्याच घरांत पहिली अंडी न ठरवताच येतात. 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणून आणलेल्या जोडीतला एक नर निघतो, किंवा नवी आणलेली मादी आधीच नराबरोबर राहून आलेली असते. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे एकदा जोडी लागली की नर समोर नसतानाही त्या हंगामात ती फलित अंडी घालत राहू शकते. मग एका सकाळी ओलसर कोपऱ्यात दोन पांढरी लांबट अंडी दिसतात आणि घरात धावपळ सुरू होते. जेवणाचा डबा, ओला टिश्यू आणि रेडिएटरवरची जागा एवढ्या भांडवलावर अंडी क्वचितच तगतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. उबवणीची पेटी आधी तयार करा, ती आठवडाभर रिकामी चालवून बघा, आणि मगच नर-मादी एकत्र आणा.

हा लेख ब्रिटन, अमेरिका, युरोप अशा ठिकाणच्या मराठी मंडळींसाठी आहे, जिथे पिंजऱ्यात जन्मलेले लेपर्ड गेको राजरोस पाळता येतात. दुकानात मिळतो त्याचं शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरिअस. मूळचा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या मुलखातला. त्याचा सख्खा भाऊबंद युब्लेफॅरिस फस्कस महाराष्ट्र-गुजरातच्या रानांत राहतो. सातपुड्यातल्या आणखी एका जातीला २०१४ साली स्वतंत्र नाव मिळालं. आपल्याकडे हे प्राणी विषारी समजून ठेचले जातात. त्यांच्यात विष अजिबात नसतं. भारतातल्या रानातला लेपर्ड गेको पकडणं, पाळणं किंवा विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा गावाकडे असा गेको दिसला तर फोटो काढा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या.

मादी तयार आहे का?

मादी किमान वर्षाची हवी, दीड वर्षाची असली तर उत्तम, आणि वजन ५० ग्रॅमच्या आसपास. शेपूट जाडजूड हवी, कारण सगळी शिल्लक तिथेच साठवलेली असते. एका वेळी दोन अंडी, आणि तीनचार आठवड्यांनी पुन्हा दोन, असं हंगामात पाचसहा वेळा होऊ शकतं. कवचासाठी लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही तर मादी ते स्वतःच्या हाडांतून काढते. हंगामभर तिच्या टाकीत, म्हणजे ती राहते त्या काचेच्या पेटीत, साध्या कॅल्शियम पावडरची वाटी कायम ठेवा आणि खाण्यावर व्हिटॅमिन डी-३ असलेली पावडर आठवड्यातून एकदोनदा भुरभुरा. शेपूट बारीक व्हायला लागली की नर वेगळा करा. त्या वर्षी आणखी अंडी घ्यायचा विचार सोडून द्या.

आणखी एक हिशेब आधीच करा. पाच वेळा दोन म्हणजे दहा पिल्लं. ती जाणार कुठे? इंग्लंडमध्ये धंदा म्हणून प्राणी विकायला २०१८ च्या नियमांप्रमाणे कौन्सिलचा परवाना लागतो, आणि बाजारात लेपर्ड गेकोंना तोटा नाही. पिल्लांची सोय नसेल तर अंडी सापडल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाकावीत. ऐकायला कठोर वाटतं, पण त्या टप्प्यावर भ्रूण अगदीच प्राथमिक असतो. आणि 'लेमन फ्रॉस्ट' या रंगाच्या गेकोंची पैदास मुळीच करू नका. त्या रंगाच्या जनुकाबरोबर त्वचेच्या गाठी येतात. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचा माग एका विशिष्ट जनुकापर्यंत काढला. रंग कितीही देखणा असला तरी त्या प्राण्याचे हाल चुकत नाहीत.

अंडी घालायची जागा

मादी अंडी पुरते. टाकीत ओली माती सापडली नाही तर ती पाण्याच्या भांड्यामागे, कोरड्या फरशीवर अंडी घालते आणि ती काही तासांत सुकतात. आइस्क्रीमचा मोठा डबा घ्या, झाकणाला किंवा बाजूला मादी आत जाईल एवढं भोक पाडा आणि कडा घासून गुळगुळीत करा. आत चार बोटं उंचीपर्यंत ओलसर कोको फायबर (नारळाचा भुसा), स्फॅग्नम मॉस (शेवाळ) किंवा व्हर्मिक्युलाइट भरा. डबा टाकीच्या उबदार बाजूला ठेवा आणि तो सुकू देऊ नका.

दिवस भरत आले की मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन्ही बाजूंना फिकट लंबगोल आकार दिसू लागतात. तिचं खाणं कमी होतं, रात्री डब्यात जाऊन ती खणते, बाहेर येते, पुन्हा जाते. अंडी घातल्यावर ओळखायला वेळ लागत नाही. काल टरटरून फुगलेली मादी आज चपटी दिसते, कुशीची कातडी सैल पडलेली असते, नाकावर माती असते आणि डब्यातली एक बाजू नीट दाबून बुजवलेली असते. या दिवसांत डबा सकाळ-संध्याकाळ बघायचा. खणणं सुरू होऊन दोनतीन दिवस उलटले, मादी मलूल झाली आणि अंडी आली नाहीत, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. अडलेल्या अंड्यांवर घरगुती उपाय नाही.

पेटी: विकतची की घरची?

दोन्ही चालतात. हॉवा-बेटरसारखी थर्मोकोलची पेटी कोंबडीच्या अंड्यांसाठी बनलेली असली तरी अनेक जण गेकोंसाठी वापरतात. तिच्यातला अंडी फिरवणारा सरकता ट्रे मात्र काढून टाका, कारण कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं आणि गेकोचं फिरवलं तर मरतं. घरीच करायची तर मासळी ठेवायचा जाड थर्मोकोलचा खोका घ्या, त्यात हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावा आणि ती थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान राखणाऱ्या यंत्रावर चालवा. खर्च करायचाच तर पेटीपेक्षा थर्मोस्टॅटवर करा. नुसता चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट तापमान एकदीड अंश वरखाली नाचवतो, वीज थोडीथोडी सोडणारा पल्स प्रकारचा ते बरंच स्थिर ठेवतो. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) भिंतीला चिकटवू नका. अंड्यांच्या डब्याशेजारी त्याच मिश्रणाचा दुसरा रिकामा डबा ठेवा आणि प्रोब त्यात खोचा. शिवाय स्वतंत्र डिजिटल थर्मामीटर हवाच, दिवसातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा. थर्मोस्टॅटच्या डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पेटी कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. ब्रिटनमधल्या घरांत रात्री हीटिंग बंद झालं की खोली पंधरा अंश सेल्सियसवर येते आणि पेटीला रात्रभर झगडावं लागतं. उन्हाळ्यात उलटी अडचण. ही यंत्रं फक्त तापवतात, गार करू शकत नाहीत. जुलैच्या लाटेत माळ्यावरची खोली ३१ अंशांवर गेली, तर २७ वर लावलेली पेटीही ३१ वरच असणार. जिन्याखालचं कपाट किंवा घराच्या मधली बिनखिडकीची जागा बारा महिने बरी पडते.

किती अंश?

लेपर्ड गेकोमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे उबवणीच्या तापमानावर ठरतं. अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगशाळेने यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथले आकडे साधारण असे: २६ अंशांवर जवळपास सगळ्या माद्या, ३० वर सुमारे पाव हिस्सा नर, ३२.५ वर पाऊण हिस्सा नर, आणि गंमत म्हणजे ३४ वर पुन्हा बहुतेक माद्याच. १९८८ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने आणखी एक गोष्ट दाखवली: तापमान मोठेपणीच्या वागणुकीवरही ठसा उमटवतं, आणि जास्त उष्णतेत वाढलेल्या माद्या जास्त आक्रमक असतात. लिंग ठरतं ते उबवणीच्या पूर्वार्धात-मध्यात, तेव्हा निदान पहिला महिना तरी तापमानाचा काटा हलू नये.

दिवसही तापमानावरच. २६-२७ अंशांवर दोन महिने किंवा थोडे जास्त, ३० वर दीड महिना ते पन्नास दिवस, ३२ च्या वर छत्तीस ते पंचेचाळीस दिवस. अमेरिकेतल्या मंडळींनी ८० फॅरनहाइट म्हणजे माद्यांचं आणि ९० म्हणजे नरांचं तापमान, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

पहिल्यांदा उबवणाऱ्याला माझा सल्ला २७ अंशांचा. कारण सरळ आहे. २७ वर लावलेल्या पेटीत काही बिघडलं आणि पारा दोनतीन अंश चढला, तर फार तर एखादा नर निघेल. ३२.५ वर लावलेल्या पेटीत तेवढाच पारा चढला तर अंडी मरतात. ३५ च्या पुढे फारसं काही वाचत नाही. शिवाय नर एकमेकांशी जिवावर उठून भांडतात, प्रत्येकाला स्वतंत्र टाकी लागते, आणि ते खपायलाही अवघड. धीमी उबवणी चुका पोटात घालते. घाई असेल तर हा छंदच चुकला.

ओल: खरी परीक्षा इथे

तापमानाची सगळे धास्ती घेतात, पण नवख्यांची अंडी जास्त करून ओलीच्या चुकीने जातात. या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं. ते चिवट, चामड्यासारखं असतं आणि भोवतालची ओल आत ओढून घेतं. उबता उबता अंडं चांगलंच फुगतं. कोरडं पडलं तर चेपतं, पाण्यात बसलं तर आतला जीव गुदमरतो.

व्हर्मिक्युलाइट हे तापवून फुगवलेलं खनिज बागेच्या दुकानात मिळतं, बारीक-मध्यम दाण्याचं घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा: १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइट असेल तर १०० ग्रॅम पाणी. परलाइट (तसंच फुगवलेलं पांढरं खनिज) असेल तर पाणी ८० ग्रॅम पुरतं. कपाने मोजू नका, ही वस्तू इतकी हलकी की कपाचा हिशेब पार चुकतो. कालवून झाल्यावर मूठभर घेऊन दाबा. बेसनाचा लाडू वळावा तसा गोळा धरला पाहिजे आणि बोटांच्या फटीतून एक थेंबही गळता कामा नये. थेंब आला तर कोरडं व्हर्मिक्युलाइट मिसळा.

हे मिश्रण झाकणाच्या छोट्या पारदर्शक डब्यात दोन इंच भरा. झाकणाला टाचणीची दोन भोकं पुष्कळ झाली. आत पंखा असलेल्या पेटीत जास्त भोकं ठेवलीत तर डबा दोन आठवड्यांत सुकतो. अंडी ठेवून झाकण लावल्यावर संपूर्ण डब्याचं वजन करा आणि झाकणावर लिहून ठेवा. दर आठवड्याला पुन्हा वजन करा. अंड्याने ओढलेलं पाणी डब्यातच राहतं, म्हणजे जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढी निव्वळ वाफ बाहेर गेली. तेवढंच पाणी, पेटीत ठेवून उबवलेलं, चमच्याने डब्याच्या कडेकडेने सोडा. अंड्यावर एकही थेंब नको. ही वजनाची युक्ती आर्द्रता मोजणाऱ्या स्वस्त काट्यांपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

झाकणाला आतून दव धरत असेल आणि थेंब अंड्यावर पडत असतील तर झाकण आतल्या हवेपेक्षा गार पडतंय असं समजा. डबा पेटीच्या भिंतीपासून दूर, मधोमध सरकवा आणि उघडाल तेव्हा झाकण पुसून घ्या.

अंडी उचलताना

ताजं अंडं ओलं, चिकट आणि मऊ असतं. काही तासांत ते खडूसारखं पांढरं आणि घट्ट होतं. साधारण तीन सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद. हात धुवा, भोवतालची माती चमच्याने बाजूला करा आणि अंडं जसं पडलंय तसंच, वरची बाजू वर ठेवून उचला. उचलण्याआधीच वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने एक बारीक खूण करा. मार्कर नको, शाई कवचातून आत जाते. साधारण पहिल्या दिवसानंतर भ्रूण कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि मग अंडं उलटलं तर तो गुदमरतो. पहिल्या काही तासांत घरंगळलं तर घाबरायचं कारण नाही.

डब्यातल्या मिश्रणात अंगठ्याने खळगा करा आणि अंडं अर्धं बुडेल असं ठेवा, वरचा अर्धा भाग उघडा. दोन अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर चिकटलेलीच ठेवा. ओढून वेगळी करताना कवच फाटतं. झाकणावर तारीख, मादीचं नाव आणि तापमान लिहा. तिसऱ्या जोडीपर्यंत कुणाची कुठली हे डोक्यात राहत नाही.

चारपाच दिवसांनी फलित आहे का ते पाहता येतं. खोलीत अंधार करा, छोटा एलईडी टॉर्च अंड्याच्या कुशीला दोनतीन सेकंद टेकवा. अंडं जागचं हलवायचं नाही. आत गुलाबी झाक, लालसर वलय किंवा केसाएवढ्या बारीक शिरा दिसल्या की काम झालं. सगळीकडे एकसारखा पिवळट उजेड दिसला तर बहुधा रिकामं. तरी लगेच फेकू नका, दोन आठवडे द्या. रिकामं अंडं स्वतःच सांगतं: पिवळं पडतं, बसतं, बुरशी धरतं, वास येतो. पहिलटकरणीची पहिली जोडी बऱ्याचदा अशीच जाते, त्यात तुमचा दोष नसतो.

मधले दोन महिने

आता खरं अवघड काम, म्हणजे काही न करणं. आठवड्यातून एकदा डबा उघडायचा, अर्धा मिनिट हवा खेळू द्यायची, वजन करायचं, बंद करायचं. टॉर्च रोज मारायचा नाही. घरातल्या मुलांना आठवड्याचा तो एक दिवस ठरवून द्या, नाहीतर शाळेतून आलेला प्रत्येक मित्र पेटी उघडून बघेल.

दोनच गोष्टींत हात घालावा लागतो. अंड्याला मधेच खळगा पडला, तर ओल कमी झालीय. वजन तपासा, पाणी घाला, दोन दिवसांत ते भरून येतं. अंड्यावर बुरशीचा ठिपका दिसला तर कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच टिपा आणि मिश्रण जरा कमी ओलं करा. निरोगी अंडं बुरशीला सहसा दाद देत नाही, शेजारच्या मेलेल्या अंड्याची बुरशी अंगावर चढली तरी कित्येकदा त्यातून पिल्लू निघतं. म्हणून शंका असेल तर अंडं वेगळ्या डब्यात ठेवा, कचऱ्यात नाही.

वीज गेली तर पेटी उघडू नका, वरून गोधडी टाका. काही तास तापमान उतरल्याने उबवणी लांबते, अंडी सहसा मरत नाहीत. तापमान चढणं जास्त घातक.

पिल्लं निघताना

शेवटच्या दिवसांत अंडं पुन्हा सैल पडतं, वरच्या बाजूला खळगा येतो आणि कवचावर घामासारखे बारीक थेंब जमतात. या खळग्याला पाणी घालायचं नाही, तारीख बघायची. मग कवचावर ब्लेडने मारावी तशी सरळ चीर दिसते. पिल्लाच्या नाकाच्या टोकाला दोन इवलेसे दात असतात, खास कवच चिरण्यासाठी, आणि ते नंतर गळून पडतात. चिरेतून ओलं नाक बाहेर येतं आणि सगळं थांबतं. कधी तासभर, कधी अख्खी रात्र. आत उरलेला बलक पोटात ओढून घेणं चाललेलं असतं. चिमट्याने मदत करायला गेलात तर बलकाची पिशवी फाटते आणि पिल्लू जातं. एक पिल्लू बाहेर आलं आणि दुसरं अंडं तसंच दिसलं, तरी एकदोन दिवस थांबा.

निघालेलं पिल्लू अडीचतीन ग्रॅमचं, बोटाएवढं, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं असतं. ठिपके मागाहून येतात. त्याला डब्यातच कोरडं होऊ द्या, मग किचन पेपर अंथरलेल्या छोट्या टाकीत हलवा. उबदार बाजू ३० ते ३२ अंश, लपायला एक ओलसर आणि एक कोरडी जागा, पाण्याची उथळ झाकणी. वाळू नको, ती पोटात जाते. हात पुढे केला की पिल्लू शेपूट उभी करून, पायांवर उंच होऊन चक्क किंचाळतं. तेवढं मनावर घेऊ नका.

पहिले तीनचार दिवस ते काही खात नाही, पोटातला बलक पुरतो. एकदोन दिवसांत पहिली कात टाकतं आणि ती स्वतःच खाऊन टाकतं. त्यानंतर डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठे नसतील असे रातकिडे किंवा बारीक मीलवर्म (जिवंत अळ्या), कॅल्शियम पावडरीत घोळवून, रोज द्या. न खाल्लेले रातकिडे रात्री टाकीत सोडू नका, ते पिल्लाला चावतात. मीलवर्म फ्रिजमध्ये महिनोन्महिने टिकतात. आई-बाबा भारतातून राहायला आलेले असतील तर त्या डब्यावर मराठीत ठळक लेबल लावा.

पिल्लांना एकेकटं ठेवा. एकत्र ठेवलीत तर एखादं दुसऱ्याची वळवळणारी शेपूट अळी समजून तोडतं. आठवड्याला वजन करा. दहा दिवस उलटून गेले, पिल्लू खात नाही आणि शेपूट सुरकुतत चालली, तर डॉक्टरला दाखवा.

आणि कुणाला पिल्लू देताना 'मादी आहे' असं छातीठोक सांगू नका. २७ अंशांवर उबवलेलं असलं तरी खात्री चारसहा महिन्यांनी होते. नराच्या मागच्या पायांच्या मध्ये इंग्रजी व्हीच्या आकारात मेणकट ठिपक्यांची ठळक ओळ उमटते आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे येतात. तोवर पिल्लाच्या कागदावर फक्त जन्मतारीख, आई-बापाचा रंग आणि 'उबवणी २७ अंश' एवढंच लिहा.